बिनकुलपाची बराक

लष्करी प्रबोधिनीतल्या सुताराला सगळे मेस्त्री म्हणत. खरं नाव गेटवरच्या रजिस्टरात तेवढं होतं. बाकी आवारात कमांडंट साहेबांपासून झाडू मारणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, मेस्त्री. तीस वर्षं माणसाने ह्या एका आवारात रंधा मारला. हात असा की दोन फळ्या जोडल्या तर मधून केस जाणार नाही. आणि स्वभाव असा की केस जात नाही ना हे ते चार वेळा बघणार, आणि चारही वेळा स्वतःच्याच डोळ्यांवर त्यांचा भरवसा बसणार नाही.

एकदा दाढ काढायला गेले. डॉक्टरने दाढ काढली, कापूस दिला, म्हणाला, झालं. मेस्त्री उठेनात. तोंडात कापूस घेऊन खुणेने म्हणाले, दाढ दाखवा. डॉक्टरने ताटलीतली दाढ दाखवली. मेस्त्रींनी ती उजेडात धरून फिरवली, कीड कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, आरशात तोंड उघडून खड्डा बघितला, आणि मग कुठे खुर्ची सोडली. म्हणे, शेजारची चांगली दाढ काढून मोकळा झाला असता तर?

मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा तर कमालच केली. पाहुणे आत चहा पीत बसले होते आणि हे बाहेर ओट्यावर मुलाच्या चपला उलट्या करून तळ तपासत होते. बायकोने पाहिलं आणि तिचा जीव खालीवर झाला.

"अहो, काय चाललंय?"

"टाच दोन्हीकडे सारखी झिजलीय का बघतोय. माणूस तोल राखून चालतो की नाही ते कळतं."

"मुलगी द्यायचीय आपल्याला. दार बसवायचं नाहीये चौकटीत."

टाचा सारख्या निघाल्या म्हणून लग्न ठरलं, असं मेस्त्री अजून म्हणतात. जावयाला हे कुणी सांगितलेलं नाही.

आता हा संशय काही त्यांनी आईच्या पोटातून आणला नव्हता. मेस्त्रींना काम शिकवलं ते त्यांच्या वस्तादांनी. तेही ह्याच प्रबोधिनीत सुतार होते. तेव्हा इथला एक मोठा नियम होता: कॅडेटच्या कपाटाला कुलूप नाही. कुलूप सोडा, कडीसुद्धा नाही. उद्या ज्याच्या खांद्याला खांदा लावून गोळी झेलायची, त्याच्यापासून आज काय लपवायचं, असं म्हणत. ऐकायला छान वाटायचं. पण एकदा कुणा कॅडेटचं शाईचं पेन हरवलं, आणि त्या सकाळी वस्ताद त्या बराकीत खिडकीची बिजागरी बदलत होते. कुणी त्यांना चोर म्हटलं नाही. झडती नाही, चौकशी नाही. फक्त दुसऱ्या दिवशी गेटवर त्यांचं नाव नव्हतं. शिपाई म्हणाला, आज काम नाही. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. वस्ताद दोन आठवडे रोज गेटपर्यंत येऊन परत जात होते. मेस्त्री तेव्हा बावीस वर्षांचे. आतून रोज बघत होते, आणि आपलंही नाव जाईल ह्या भीतीने एक अक्षर बोलले नव्हते. बाविसाव्या वर्षीचं ते गप्प बसणं त्यांना अजून सलत होतं.

त्यामुळे सहा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की पोरांकडे आता महागड्या वस्तू असतात, सगळ्या कपाटांना कड्या लावा, तेव्हा मेस्त्रींना जो आनंद झाला तो दुसऱ्या कुणाला झाला नाही. प्रत्येक कडीला चार स्क्रू पुरे होते. मेस्त्रींनी सहा लावले.

आणि मग ह्या वर्षी आले माजी कॅडेट.

माजी म्हणजे चांगले सत्तरी गाठलेले, मोठमोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेले. त्यांनी संघ काढला होता. प्रबोधिनीची जुनी मूल्यं जपायची, म्हणजे जी उरलीत ती धरून ठेवायची आणि गेली ती परत आणायची. पुढारी होते ते मिशीसाहेब. मिशा अशा कातरलेल्या की मेस्त्रींनी मनातल्या मनात त्यांना गुण्या लावून बघितला होता, बरोबर काटकोन. त्यांच्याबरोबर कायम एक बुटके, गोल साहेब. ते दिसेल ते वहीत लिहून घेत, म्हणून वहीसाहेब. हे दोघे रोज सकाळी आवारात फिरत. भोजनगृहातल्या खुर्च्या एका रेषेत आहेत का, पोरं बूट स्वतः चमकवतात का, घरी हाताने पत्र लिहितात का. आणि दर दोन वाक्यांना "आमच्या वेळी". मावशींनी एका सकाळी मोजलं, अकरा वेळा झालं.

"मेस्त्री," मावशी म्हणाल्या, "ह्यांच्या वेळी ऊन तरी कोणत्या बाजूने यायचं ते विचारा की."

"हसू नका मावशी. ही माणसं काहीतरी शोधतायत."

"काय शोधतायत?"

"तेच कळत नाहीये. म्हणून तर म्हणतो."

ते कळायला फार दिवस लागले नाहीत. एका सकाळी दोघे साहेब सरळ सुतारशाळेत आले.

"मेस्त्री, कड्या काढायच्या," मिशीसाहेब म्हणाले.

"कुठल्या?"

"सगळ्या. सुरुवात तीन नंबरच्या बराकीपासून. महिनाभर तिथे बघू, मग बाकीच्या."

"का?"

वहीसाहेबांनी वहीतून मान वर केली. ह्या आवारात हुकमावर 'का' विचारायची पद्धत नव्हती. पण मिशीसाहेब चिडले नाहीत. एका पाटावर बसले, कुलूप म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, सगळं समजावून सांगितलं. माणूस मनापासून बोलत होता, हे मेस्त्रींनाही जाणवलं. त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला.

"आणि काही हरवलं तर?"

"हरवणार नाही."

"पण हरवलंच तर?"

"मेस्त्री, तोच तर मुद्दा आहे. माझा ह्या पोरांवर विश्वास आहे."

मेस्त्रींनी हे शब्द नीट ऐकले. पोरांवर. पोरं पावणेसहाला कवायतीला जातात ती साडेदहाला परत येतात. त्या मधल्या वेळात बराकीत असतो कोण? मावशी झाडायला, इस्त्रीवाला दादा घड्या घातलेले कपडे पलंगावर ठेवायला, आणि दुरुस्तीला आपण. त्या तिघांवर विश्वास आहे की नाही, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं.

घरी बायको म्हणाली, "कडी काढली तर तुमच्या का पोटात दुखतंय? तुमचं काय आहे त्या कपाटांत?"

"माझं नाव आहे," मेस्त्री म्हणाले आणि ताटावरून उठले.

तीन नंबरच्या बराकीत तीस कपाटं, भिंतीला ओळीने. दाराशी एक नंबर, खिडकीशी तीस नंबर. कड्या लावल्या तेव्हा दारावरचे नंबर काढून कडीच्या पट्टीवरच ठोकले होते, त्यामुळे कडी गेली तसा नंबरही गेला. पोरांना आपापलं कपाट माहीत होतं, कुणाचं काही अडलं नाही. स्क्रूची भोकं सरस आणि लाकडाचा भुसा घालून मेस्त्रींनी बुजवली, पॉलिश मारलं. इथे कधी कडी होती हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

पण मेस्त्री ते मेस्त्री. त्यांनी एक युक्ती केली.

रंधा मारताना लाकडाचा जो पातळ छिलका गुंडाळत निघतो, कागदापेक्षा पातळ, तो ते रोज मूठभर खिशात भरून आणू लागले. पोरं कवायतीला गेली की आधी बराकीत जायचं आणि प्रत्येक कपाटाच्या दाराच्या वरच्या फटीत एकेक छिलका अलगद सरकवून ठेवायचा. दार कुणी उघडलं की छिलका पडणार. पोरं परत यायच्या आधी फेरी मारायची, सगळे छिलके जागेवर आहेत बघायचं, काढून घ्यायचे आणि छोट्या वहीत पेन्सिलने लिहायचं: आज तीस, सगळे जागेवर. म्हणजे उद्या कुणी बोट दाखवलं तर निदान आपल्याजवळ दाखवायला काहीतरी असेल. फक्त सव्वीस नंबरचा छिलका ते काढत नसत. त्या कपाटाचा कॅडेट पाय मोडून घरी गेला होता, कपाट रिकामं, पोरांना ते उघडायचं कारणच नव्हतं.

नऊ दिवस तीसच्या तीस.

दहाव्या दिवशी, बुधवारी, चार छिलके खाली पडलेले. चार नंबर, अकरा नंबर, एकोणीस नंबर आणि तो रिकामा सव्वीस.

मेस्त्रींनी चारही छिलके उचलून खिशात टाकले. दार उघडून आत बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याचं कपाट उघडलं नव्हतं, आणि आता तर बोटाचा ठसासुद्धा नको. सव्वीस नंबरच्या फटीत तेवढा नवा छिलका सरकवला, वहीत लिहिलं, आणि बाहेर येऊन मावशींना गाठलं.

"मावशी, कपाटं आतून झाडता का हो कधी?"

"आतून कशाला झाडू? बाहेरून फडकं मारते."

"फडकं मारताना दार उघडतं का?"

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "मेस्त्री, सरळ विचारा. मी चोर आहे का, असं विचारा."

"मी असं कुठे म्हणतोय?"

"तोंडाने नाही म्हणत. डोळ्याने म्हणताय. अठरा वर्षं झाली बरोबर काम करतोय आपण."

मेस्त्री खाली बघून गेले. पण गेले ते इस्त्रीवाल्या दादाकडे. दादा इस्त्री फिरवत म्हणाला, "मेस्त्री, सकाळी मावशींना विचारलंत, आता मला विचारताय. संध्याकाळी स्वतःला विचारणार का?"

त्या रात्री मेस्त्रींनी खरंच स्वतःला विचारलं. वस्तादांकडे गेटवरचा शिपाई ज्या नजरेने बघायचा त्याच नजरेने आपण आज दोघांकडे बघितलं, हे त्यांना कळलं, आणि कळूनही संशय काही गेला नाही. ह्या दुखण्याचं असंच असतं.

शुक्रवारी ड्यूटी ऑफिसरच्या खोलीत खुर्चीचा पाय दुरुस्त करायला बोलावलं. टेबलावर तीन मनगटी घड्याळं, तिन्ही एकसारखी, चामड्याच्या पट्ट्याची.

"हे काय, दुकान काढलंय का साहेब?" मेस्त्रींनी विचारलं.

ड्यूटी ऑफिसर तरुण होता, हसला. "काय माहीत. तीन कॅडेट वेगवेगळ्या वेळी येऊन ठेवून गेले. माझ्या कपाटात आलंय, माझं नाही, म्हणाले. सापडलेल्या वस्तूंत टाकलीयत."

मेस्त्रींच्या हातातली पाचर हातातच राहिली. दारं उघडली चार. घड्याळं आली तीन. कपाटातून काही गेलं नव्हतं, कपाटात काहीतरी आलं होतं. असं कोण करतं? बराकीत कोणालाही न विचारता जाता येईल, असं आवारात आहे कोण?

शनिवारी सकाळी उत्तर मिळालं, पण ते नको त्या वाटेने. मावशी, दादा आणि मेस्त्री, तिघांना ध्वजस्तंभासमोरच्या व्हरांड्यात उभं केलं. हवालदाराने सांगितलं, तीन नंबरच्या बराकीतून एक घड्याळ गेलंय, पिशव्या उघडा. मावशींचा डबा उघडला. हवालदार बिचारा ओळखीचा, लाजेने मान खाली घालून झाकण काढत होता.

"भाजीत पण बघा," मावशी म्हणाल्या. "चमचा देऊ का?"

तेवढ्यात कवायत संपली आणि पोरं रांगेने समोरून जायला लागली. शे-दोनशे पोरं, सगळ्यांच्या माना सरळ, सगळ्यांचे डोळे व्हरांड्यात. मावशींनी पदर डोक्यावर घेतला. मेस्त्रींनी ते बघितलं.

व्हरांड्याच्या टोकाला टेबल मांडून मिशीसाहेब, वहीसाहेब आणि ड्यूटी ऑफिसर बसले होते. बाजूला एक कॅडेट उभा, पाच नंबरच्या कपाटाचा. चेहरा पांढरा पडलेला. त्याला कितव्यांदा तरी विचारत होते आणि तो म्हणत होता, मला कुठलंही घड्याळ मिळालं नाही, सर.

पाच नंबर, हे ऐकलं आणि मेस्त्रींच्या डोक्यात खटका पडला. पाच नंबरचा छिलका बुधवारी हललाच नव्हता. हलला होता सव्वीसचा. दारापासून मोजलं तर सव्वीस. आणि खिडकीपासून मोजलं तर?

खिडकीपासून पाचवं.

बारा वर्षांपूर्वी बराकीचं दार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेलं तेव्हा मेस्त्रींनीच कपाटांचे नंबर उलटे करून ठोकले होते. त्याआधी, साहेबांच्या वेळी, मोजणी खिडकीकडूनच सुरू व्हायची. आता नंबर तर काढलेले. म्हाताऱ्या साहेबाने आपल्या सवयीने मोजलं असणार. चौथं घड्याळ रिकाम्या कपाटात पडलेलं होतं. तिथून ते कोण परत आणून देणार? आणि सव्वीसचा छिलका आज सकाळीही जागेवर होता, म्हणजे घड्याळ अजून आतच.

सगळं लख्ख दिसलं, आणि त्याच क्षणी सांगायला पुढे झालेले मेस्त्री थबकले. कारण घड्याळ अमुक कपाटात आहे, असं आता तोंडाने सांगितलं की पहिला प्रश्न काय येणार? तुम्हाला कसं माहीत? हरवलेली वस्तू कुठे आहे हे कोणाला माहीत असतं? ज्याने लपवली त्याला. वहीसाहेबांची पेन्सिल वर उचललेली होती. गप्प बसलं तर पोरगं जाणार, किंवा मावशी, किंवा सोमवारी गेटवर नाव नसणार, शांतपणे, कुणी काही न म्हणता.

"मेस्त्री," मिशीसाहेब म्हणाले, "तुम्ही रोज बराकीत जाता. तुम्हाला काही दिसलं?"

मेस्त्रींनी घसा साफ केला. "साहेब, घड्याळ कुठे आहे ते मी सांगणार नाही."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"मी एवढंच म्हणतो, तुम्ही ते जिथे ठेवलंत, तिथे एकदा तुम्हीच जाऊन बघा."

"ठेवलंत?" ड्यूटी ऑफिसर मिशीसाहेबांकडे वळला. "सर, घड्याळ हरवलंय म्हणालात ना?"

वहीसाहेबांनी वही मिटली. मिशीसाहेब खोटं बोलू शकले असते. पण एक सांगायला हवं, तो माणूस ज्या नियमांसाठी भांडत होता ते स्वतःही पाळत होता.

"हो," ते म्हणाले. "मी ठेवलं. चार ठेवली होती. पोरांमध्ये अजून ते आहे का, बघायचं होतं. शेवटचं माझ्या स्वतःच्या जुन्या कपाटात ठेवलं. पाच नंबर."

"चला मग," मेस्त्री म्हणाले. "मी मागे राहतो. हात लावत नाही कशाला."

सगळे बराकीत गेले. मावशी आणि दादासुद्धा, कुणी अडवलं नाही. मिशीसाहेब दारातून सरळ खिडकीपर्यंत चालत गेले, तिथून बोटाने मोजत परत फिरले, एक, दोन, तीन, चार, पाच. दार उघडलं. वरून छिलका तरंगत आला आणि त्यांच्या चमचमत्या बुटावर पडला. आत रिकाम्या फळीवर घड्याळ टिकटिकत होतं.

पाच नंबरचा पोरगा दाराजवळच्या आपल्या कपाटापाशी उभा होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मधल्या वीस कपाटांच्या ओळीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. मग त्यांनी वाकून छिलका उचलला.

"हे काय आहे, मेस्त्री?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मेस्त्रींनी खिशातली वही काढली आणि सांगितलं. रोजचे तीस छिलके, रोजची फेरी, बुधवारचे चार. वहीसाहेबांनी ती वही घेतली आणि पान न पान वाचलं. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं इतकं मन लावून ते पहिल्यांदाच वाचत असावेत.

"म्हणजे विश्वासाच्या महिन्यात," मिशीसाहेब सावकाश म्हणाले, "तुम्ही रोज सकाळी आमच्यावर पहारा ठेवलात."

"माझ्यावर ठेवला साहेब. आणि ह्या दोघांवर. उद्या कुणी विचारलं तर सांगायला." मेस्त्रींनी वहीकडे बोट दाखवलं. "तुम्हीही पहाराच ठेवला होता. फक्त तुमचा चुकला तर आमचे डबे उघडतात. माझा चुकला तर कुणाचं काही जात नाही."

मावशी मागून म्हणाल्या, "माझ्यावर संशय घेतला ते पण सांगा की वहीत लिहिलंय का."

"लिहिलंय," मेस्त्री म्हणाले. "खोडतो."

"खोडू नका. राहू दे. मला दाखवायला होईल."

दादाला हसू आलं, मग ड्यूटी ऑफिसरला. मिशीसाहेब हसले नाहीत. त्यांनी दार लावलं आणि विचारलं, "मग काय म्हणणं आहे तुमचं? कड्या परत लावायच्या?"

मेस्त्री लगेच सावध झाले. हासुद्धा कसला तरी डाव असेल. हो म्हटलं की उद्या सगळीकडे होणार, एका सुताराने प्रबोधिनीची परंपरा मोडली. त्यांनी प्रश्न चारी बाजूंनी फिरवून बघितला, कुठे फट आहे का ते.

"ते पोरांना विचारा," शेवटी ते म्हणाले. "कपाटं त्यांची आहेत. आमचं म्हणणं दोनच. एक, पोरं बराकीत नसताना आम्हाला आत पाठवू नका. झाडणं, कपडे, दुरुस्ती, सगळं ती असताना. आणि दोन, आम्हाला उभं केलंत ते सगळ्यांनी बघितलं. सोडलंत तेही सगळ्यांनी बघायला पाहिजे. त्याच जागी, त्याच वेळेला."

"माझ्याकडून एवढंच?" मिशीसाहेबांनी विचारलं.

"तिघांची नावं घेऊन," मेस्त्री म्हणाले. "मेस्त्री, मावशी, दादा असं नाही. रजिस्टरात आहेत ती."

रविवारचा सगळा दिवस मेस्त्री घरात अस्वस्थ होते. बायकोने दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा निवला. "म्हणतील ना ते?" तिने विचारलं. "म्हणतील," मेस्त्री म्हणाले, "पण शेवटी एखादं शेपूट जोडतील. गैरसमजातून असं घडलं, तरी कामगारांनीही काळजी घ्यावी, असं काहीतरी. मोठी माणसं बिनशेपटाचं बोलत नाहीत."

सोमवारी साडेदहाला कवायत संपली तेव्हा पोरांना व्हरांड्यासमोर थांबवलं. तिघं त्याच जागी उभे राहिले, पण ह्या वेळी पिशव्या खाली नव्हत्या, हातात होत्या. मावशी सारखा पदर सावरत होत्या. मिशीसाहेब पुढे आले. आवाज मैदानाच्या टोकाला पोहोचेल असा. म्हणाले, घड्याळ हरवलं नव्हतं, मी ठेवलं होतं, चुकीच्या कपाटात ठेवलं, आणि माझ्या चुकीसाठी एका कॅडेटला आणि तीन माणसांना इथे उभं राहावं लागलं. मग त्यांनी कागद न बघता एकेक करून तिन्ही नावं घेतली. पूर्ण नावं. मावशींचं नाव घेतलं तेव्हा पोरांमध्ये जरा चुळबूळ झाली. अठरा वर्षांत ते नाव कुणी ऐकलंच नव्हतं.

मेस्त्री श्वास रोखून शेपटाची वाट बघत होते. आता येईल. आता 'तरीही' म्हणतील, 'मात्र' म्हणतील.

साहेबांनी टोपी सारखी केली, "माझी चूक," एवढंच पुन्हा म्हणाले, आणि मागे सरले.

पोरं सुटली. दादा कपड्यांचं गाठोडं घेऊन निघाला, मावशी झाडू घेऊन. मेस्त्री अजून तिथेच, साहेब गेले त्या दिशेला बघत.

"चला की," मावशी म्हणाल्या. "झालं ना तुमच्या मनासारखं?"

"झालं खरं," मेस्त्री म्हणाले. "पण इतकं सरळ कसं झालं?"

बराकीत पोरं आली होती, पाय पुसून आत जा म्हणून ओरडायला मावशी पुढे गेल्या, आणि मेस्त्री हत्यारांची पेटी उचलून त्यांच्या मागोमाग, पहिल्यांदाच भरलेल्या बराकीत, कामाला गेले.